बाहेरच्या मैदानावरचा टिब्स

मॅलाकाय टिब्स स्वतःच्या कॉलेजच्या मैदानावर बहुतेक वेळा योग्य जागी उभा असे, आणि बाहेरच्या मैदानावर त्याच जागी बहुतेक वेळा एक पाऊल उशिरा पोहोचे.

ऑरिन हाल्वर्सनने चित्रफीत मागे नेली आणि पुन्हा चालू केली. मोटेलच्या न्याहारीच्या खोलीत तो एकटाच होता. वॉफलचं यंत्र बिघडलेलं होतं. त्यावर चिकटवलेली दिलगिरीची चिठ्ठीही जुनी होऊन पिवळी पडली होती. लॅपटॉपच्या पडद्यावर अमेरिकन फुटबॉलचे दोन्ही संघ समोरासमोर वाकून उभे राहिले. चेंडू खेळात येण्याच्या क्षणभर आधी प्रतिस्पर्ध्यांचा एक खेळाडू डावीकडून उजवीकडे धावत गेला. ही नेहमीची चाल होती आणि तिला नेहमीचं उत्तर होतं: बचावाची मागची सगळी ओळ एका बाजूला सरकते. ओळ सरकली. अगदी मागे उजवीकडे उभा असलेला सेफ्टी, म्हणजे टिब्स, जागचा हलला नाही. बाकीचे हलून झाल्यावर त्याने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि मग तो धावला. चेंडू त्याच्या डोक्यावरून निघून गेला.

ऑरिनने दुसरी चित्रफीत लावली. हॅलम, म्हणजे टिब्सचं कॉलेज, घरचं मैदान. तशीच चाल, तसाच धावणारा प्रतिस्पर्धी. टिब्स बाकीच्यांबरोबरच सरकला, किंबहुना त्यांच्याही किंचित आधी, आणि चेंडू त्याच्या हातात येऊन पडला.

त्याने चष्मा काढून डोळे चोळले. क्लबसाठी कॉलेजची पोरं पारखण्याच्या कामात त्याचं अर्धं आयुष्य अशा खोल्यांत गेलं होतं. त्याआधी तो मिनेसोटात एका शाळेत रसायनशास्त्र शिकवत असे, आणि एक सवय तिथून त्याच्याबरोबर आली होती. एखाद्या अहवालात ‘स्वभाव’ हा शब्द दिसला की कारण अजून सापडलेलं नाही, एवढाच अर्थ तो घेत असे. हे मत त्याने कुणाला ऐकवलं नव्हतं. त्याच्या धंद्यात निम्मं पान त्या एका शब्दावर भरत असे.

फोन वाजला. कील होता. क्लबचा कॉलेजच्या खेळाडूंच्या निवडीचा सगळा विभाग त्याच्या हाताखाली होता आणि वयाने तो ऑरिनच्या मुलाएवढा होता.

“ऑरिन, अजून हॅलमलाच? सासुरवाडीला मुक्काम ठोकल्यासारखे बसलात की.”

“टिब्सचं राहिलंय.”

“टिब्सचं काय राहिलंय? बाकीच्या क्लबांनी कधीच काट मारली त्याच्यावर.”

“पाय चांगले आहेत त्याचे. डोळेही.”

“घरी. घरी आहेत चांगले. अहो, आपले निम्मे सामने बाहेर असतात. अर्धा खेळाडू घेऊन आलो असं सांगू का मालकाला?”

“कारण कळलेलं नाही अजून.”

“कारण काय कळायचंय त्यात? घरकोंबडा आहे. एका शब्दाचं काम आहे. लिहा आणि संध्याकाळपर्यंत पाठवून द्या. उद्या यादी बंद होते.” मग त्याचा आवाज मऊ झाला. “आणि हो, ड्राफ्ट झाला की एकदा भेटू आपण. घाई नाही. सावकाश बोलू.”

“ठीक आहे,” ऑरिन म्हणाला.

गेल्या वर्षी ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंची क्लबांमध्ये वाटणी, झाल्यावर कील ऑरिनसारख्याच दोघांशी असाच सावकाश बोलला होता. त्या दोघांची जागा आता संगणकावरच्या आकड्यांनी घेतली होती, आणि त्या आकड्यांनीही टिब्सबद्दल तेच सांगितलं होतं: घरी उत्तम, बाहेर नापास. आकडे बरोबर होते. ऑरिनची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

कोटाची गुंडी लावताना त्याच्या लक्षात आलं की आपण हे प्रकरण केवळ सवयीने ओढत आहोत. घरकोंबडा. शब्द वाईट नव्हता. तो लिहिला असता तर दुपारीच निघून काळोख पडायच्या आत पुढचं गाव गाठता आलं असतं. त्याचा गुडघा तर तेच सुचवत होता.

*

ग्रॅडीची खोली मैदानाच्या पायऱ्यांखाली होती. हॅलमच्या बचावाच्या मागच्या ओळीचा तो कोच. मोठ्या पोटाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. ऑरिनची आणि त्याची ओळख दोघांच्याही केसांचा रंग काळा होता तेव्हापासूनची.

“या, गिधाडसाहेब, या,” तो खुर्चीतून न उठता म्हणाला. “पण मेलेलं काही नाही हं इथे अजून.”

“तू आहेस ना.”

“मी खाण्यालायक राहिलो नाही. सँडविच घे. बायकोने दोन दिलीत. तिला वाटतं मी अजून खेळतो.”

ऑरिनने सँडविच घेतलं आणि कागद न उलगडता मांडीवर ठेवलं.

“टिब्स,” तो म्हणाला.

“माहीत होतं मला. त्याच्यासाठीच आला असशील. आणि काय विचारणार तेही माहीत आहे.” ग्रॅडीने टोपी मागे सारली. “सोन्यासारखं पोरगं आहे, ऑरिन. उलट बोलणं नाही, उशीर नाही, दारू नाही. पण गावाबाहेर गेला की त्याचं पाणी होतं. काय काय केलं आम्ही! बसमध्ये माझ्या शेजारी बसवला. मानसोपचारवाल्या बाईंकडे पाठवला. त्या म्हणाल्या, दीर्घ श्वास घे. श्वास घेतो बिचारा. ताडमाड उंच गडी, मैदानात डोळे मिटून श्वास घेतो, आणि तेवढ्यात तिकडे चेंडू डोक्यावरून जातो.”

“तुझ्या मते काय आहे?”

“आई.” ग्रॅडीने हे निकाल वाचून दाखवावा तसं सांगितलं. “बाप नाही त्याला. आई घरच्या प्रत्येक सामन्याला पहिल्या रांगेत कठड्याला टेकून उभी असते, जांभळा कोट घालून. ती दिसली की हा वाघ. ती नसली की शेळी.”

“घरचा एक सामना वाईट गेला होता त्याचा. शेवटचा.”

“तेच तर! त्या दिवशी बर्फाचं वादळ होतं. गोठलेला पाऊस. रस्ते बंद. तिची गाडी दारातून निघाली नाही. आली नाही ती, आणि पोरगा कोलमडला. याहून काय पुरावा पाहिजे तुला, मास्तर?”

ऑरिनने मान हलवली. पुरावा खरोखर चांगला होता. नियम होता आणि नियमाला एकच अपवाद होता. आणि ग्रॅडीचं स्पष्टीकरण त्या अपवादालाही लागू पडत होतं. शाळेत कुणी असा निष्कर्ष लिहून आणला असता तर त्याने पूर्ण गुण दिले असते.

“ती बाहेरच्या सामन्याला कधी गेली होती?”

“कोण, आई?” ग्रॅडी विचार करू लागला. “गेली होती की. ऑक्टोबरात. चर्चच्या बायकांबरोबर छोटी गाडी करून.”

“दिसली त्याला?”

“न दिसायला काय झालं? जांभळा कोट! त्याने हात केला तिला.”

“मग कसा खेळला?”

ग्रॅडीने आपलं सँडविच उघडून त्यातला टोमॅटो बाहेर काढून ठेवला.

“वाईट,” तो शेवटी म्हणाला. “तिच्यासमोर दोनदा चेंडू गेला डोक्यावरून. परत जाताना सगळ्या रस्त्याने रडत गेली म्हणे.”

“मग आई नव्हे.”

“मग तूच सांग काय ते.”

“मला माहीत नाही. वादळाच्या दिवशी आणखी कोण आलं नव्हतं?”

“कोणीच नव्हतं रे! बँड नव्हता, विद्यार्थी नव्हते. पायऱ्यांवर बर्फ होता म्हणून वरचा भाग बंदच ठेवला होता. पन्नास माणसं असतील, तीही समोरच्या संघाचे आईबाप. दफनभूमीत खेळल्यासारखं वाटलं मला. एरवी आमच्याकडे काय असतं ते तुला ठाऊक आहे ना?”

ऑरिनला ठाऊक नव्हतं. त्याला प्रत्यक्ष सामने पाहायला वेळ मिळत नसे. एका शनिवारी देशभर शेकडो सामने होतात आणि तो एका गावात असतो. हॅलमला तो नेहमी आठवड्याच्या मधल्या दिवशीच आला होता. ग्रॅडी उठला, त्याने दार उघडलं आणि वरच्या पत्र्याच्या पायऱ्यांकडे बोट दाखवलं.

“हे गाव रेल्वेचे डबे बनवायचं. कारखाना गेला, पण कारखान्याचे बूट राहिले. लोखंडी टाचांचे. आजोबांचे बूट नातू घालून येतात. चेंडू आपल्या पोरांकडे असला की सगळे गपचीप बसतात, म्हणजे आपल्या पोरांना एकमेकांचं ऐकू जावं. समोरच्याकडे गेला की उभे राहतात आणि पत्रा हाणायला लागतात. हाडं हलतात, ऑरिन. समोरच्या पोरांना काही ऐकू येत नाही.”

“तुझ्या पोरांना?”

“काय?”

“समोरच्याकडे चेंडू असला म्हणजे मैदानात तुझी पोरं असतात. बचावाची. त्यांना ऐकू येतं?”

“छे! मेलेली आजी येऊन ओरडली तरी ऐकू जायचं नाही. आम्ही हातांनी करतो सगळं. डावीकडे व्हॉस असतो, दुसरा सेफ्टी. तो समोरची चाल ओळखतो आणि खूण करतो: मूठ, पंजा, डोक्यावर हात. सगळे त्याच्याकडे बघतात.”

“आणि बाहेर?”

“बाहेर कशाला हात हलवायचे? त्यांचे लोक त्यांच्या पोरांसाठी गप्प असतात ना. मग व्हॉस तोंडाने ओरडतो. तोंडाने जलद होतं, नजर समोर ठेवता येते.”

“वादळाच्या दिवशी?”

“तोंडाने. सांगितलं ना, दफनभूमी होती.”

ऑरिनने मांडीवरचं सँडविच टेबलावर ठेवलं. ते त्याने इतकं हळू ठेवलं की ग्रॅडीने मान वर करून पाहिलं.

“काय झालं?”

“काही नाही. टिब्स कुठे असेल आता?”

“जेवणघरात. का? अरे, काय झालं ते सांगशील का?”

“झालं आहे की नाही ते माहीत नाही,” ऑरिन म्हणाला. “त्याला मैदानात बोलाव. आणि तूही ये. तुझा आवाज लागेल.”

*

टिब्स धावत आला आणि पायऱ्यांपाशी येऊन थांबला, टोपी काढून. त्याचे खांदे रुंद होते आणि चेहरा मात्र अजून पुरता मोठ्या माणसाचा झालेला नव्हता. ऑरिन खालच्या बाकावर बसला होता. त्याने शेजारची जागा दाखवली. टिब्स बसला, लगेच उठला, ऑरिनच्या पुढून वळसा घालून दुसऱ्या बाजूला जाऊन बसला.

“ऊन येतं, सर, तिकडून डोळ्यांवर,” तो म्हणाला.

आभाळ सकाळपासून राखाडी होतं.

ग्रॅडी कठड्यापाशी कॉफीचा पेला घेऊन उभा राहिला. त्याला थांबायचं नव्हतं आणि जायचंही नव्हतं.

“बाहेरच्या सामन्यांबद्दल विचारायचंय,” ऑरिन म्हणाला.

“हो, सर.” टिब्स त्याच्या तोंडाकडे पाहत होता. नम्र मुलं डोळ्यांकडे पाहतात. हा तोंडाकडे पाहत होता. “माझ्यात दोष आहे तो. मी काम करतोय त्याच्यावर.”

“कसला दोष?”

“भीती, सर.”

“कशाची वाटते?”

टिब्सने टोपी गुडघ्यावर फिरवली. प्रश्न त्याला बहुधा खूपदा विचारला गेला होता आणि उत्तर कधीच जमलं नव्हतं.

“खरं सांगू का? वाटत नाही. म्हणजे मला कळत नाही वाटलेली. पोटात गोळा येतो म्हणतात, हात गार पडतात म्हणतात. माझे नाही पडत. मी उभा असतो, समोर बघत असतो, सगळं ठीक असतं. आणि एकदम दिसतं की बाकीचे हललेत. बाई म्हणाल्या, भीती इतकी खोल आहे की ती तुला जाणवूच देत नाही. असेल. सगळेच म्हणतात तर असेल. आई प्रार्थना करते त्यासाठी. मीही करतो. पण कशासाठी करायची ते नीट कळत नाही.”

ग्रॅडी दुसरीकडे पाहू लागला.

“वर्गात कुठे बसतोस?” ऑरिनने विचारलं.

“वर्गात? डाव्या कोपऱ्यात, सर. भिंतीला.”

“नेहमी?”

“आवडतं मला तिथे.”

“फोन कुठल्या कानाला लावतोस?”

टिब्सने हात उचलला आणि तो आपोआप उजव्या कानाकडे गेला. त्याने त्या हाताकडे पाहिलं.

“शाळेत कान तपासायला नर्स येतात. तुझे तपासले होते?”

“हो की, सर, दुसरीत. पास झालो होतो.” आता तो थोडा हसला. ही परीक्षा त्याला आठवत होती, आणि ती सोपी होती. “कानावर ते मोठे डबे लावतात. नर्सबाई बटण दाबायच्या, की आपण हात वर करायचा. बाईंचं कोपर हललं की मी वर करायचो. एकदाही चुकलो नाही.”

ऑरिनला निष्कर्षाची घाई नव्हती. एवढ्यावरून निष्कर्ष काढला असता तर तोही कीलच्या निष्कर्षापेक्षा फारसा वेगळा ठरला नसता. पडताळा हवा होता.

“मैदानात जाऊन उभा राहा,” तो म्हणाला. “पाठ आमच्याकडे. उजव्या कानात बोट घाल, घट्ट. मी रंगांची नावं घेईन. ऐकू आलं की तू तेच नाव मोठ्याने म्हण. एवढंच.”

“हो, सर.”

टिब्स गवतावर गेला, पाठ करून उभा राहिला आणि त्याने बोट कानात घातलं. ऑरिन त्याच्या मागे जाऊन थोड्या अंतरावर थांबला.

“हिरवा,” तो म्हणाला. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोहोचायचा तोच आवाज.

टिब्स स्तब्ध उभा होता.

“पिवळा. तांबडा.”

वाऱ्याने झेंड्याच्या दोरीची कडी खांबावर आपटत होती. ऑरिन आणखी जवळ गेला. “निळा.”

“थट्टा करतोय तो तुझी,” ग्रॅडी कठड्यावरून ऑरिनला म्हणाला. त्याने पेला खाली ठेवला, मैदानात उतरला आणि लांब पावलं टाकत टिब्सच्या डाव्या खांद्यामागे, हातभर अंतरावर येऊन उभा राहिला. त्याने छाती भरून श्वास घेतला. सरावात तो पोरांवर ओरडे तेव्हा रस्त्यापलीकडची कुत्री भुंकत असत.

“टिब्स! तुझ्याऐवजी तुझ्या आईला संघात घेतलं असतं तर बरं झालं असतं! निदान जांभळा कोट बघून तरी समोरचे घाबरले असते!”

पायऱ्यांच्या पत्र्यावरून आवाज परत आला. टिब्सची मान किंचित हलली, दूर कुठेतरी दार लागल्यावर हलावी तशी. मग पुन्हा स्थिर झाली. तो तसाच समोर पाहत उभा होता, आज्ञाधारक, बोट कानात, पाय जुळवलेले. बराच वेळ गेल्यावर तो मान न वळवता, जरा संकोचाने म्हणाला,

“सर, सुरू केलंत की सांगाल ना?”

ग्रॅडीने टोपी काढली. ती हातात घेऊन तो उभा राहिला आणि ती परत घालायची असते हे विसरून गेला.

ऑरिन टिब्सच्या समोर गेला आणि त्याने हाताने खुणावलं: बोट काढ, आता दुसऱ्या कानात. टिब्सने डाव्या कानात बोट घातलं. ऑरिन पुन्हा मागे गेला, आधीपेक्षा दूर, आणि आवाज खाली आणून रंगांची नावं घेऊ लागला. टिब्सने एकेक नाव ताबडतोब परत केलं. शेवटचं ‘करडा’ ऑरिन जवळपास पुटपुटला होता. तेही परत आलं.

टिब्स वळला. त्या दोघांचे चेहरे पाहून त्याला कळलं की तो नापास झाला आहे. फक्त कशात, ते कळलं नव्हतं.

*

ऑरिनने त्याला सगळं सांगितलं. व्हॉस डावीकडे असतो. घरी हातांनी सांगतो, बाहेर तोंडाने. वादळाच्या दिवशीही तोंडाने. त्याने हे वर्गात सिद्धता मांडावी तसं पायरीपायरीने सांगितलं, आणि सांगताना टिब्सकडे तोंड राहील अशी काळजी घेतली. टिब्स ऐकत होता. मध्येच त्याने डाव्या कानाला हात लावला, दुसऱ्याच्या वस्तूला लावावा तसा.

“लहानपणी गालगुंड झालं होतं मला,” तो म्हणाला. “आई सांगते, फार ताप होता. त्याच्या आधीचं मला काही आठवत नाही.”

“गालगुंडाने होतं असं कधीकधी. त्यानेच झालं का ते डॉक्टर सांगतील. मी नाही सांगू शकत.”

टिब्सने हात कानावरून खाली घेतला.

“म्हणजे मी घाबरत नाही,” तो म्हणाला.

ऑरिनने मान हलवली.

“कोच, मी घाबरत नाही.”

“नाही रे, बाळा,” ग्रॅडी म्हणाला. त्याचा आवाज इतका लहान ऑरिनने कधी ऐकला नव्हता. ते ग्रॅडीच्याही लक्षात आलं असावं, तो टिब्सच्या उजवीकडे गेला आणि पुन्हा म्हणाला, “नाही घाबरत तू.”

टिब्स हसला, आणि मग त्याच्या चेहऱ्यावरून हसू हळूहळू गेलं. तो मूर्ख नव्हता. दुसरा विचार पहिल्याच्या मागोमाग आला होता.

“हे तुम्ही लिहिणार, सर?”

“लिहावं लागेल.”

“मग डॉक्टर बघतील.”

“बघतील. तुमचे डॉक्टर, आमचे डॉक्टर. काही क्लब लाल शेरा मारून बाजूला ठेवतील. कान परत येत नाही, हे त्यांना माहीत असतं. काही कदाचित म्हणतील, व्हॉसची जागा बदला, याला डावीकडे उभा करा. किती म्हणतील ते मला सांगता येणार नाही.”

“आणि नाही लिहिलंत तर?”

“मग जे आधीपासून लिहिलेलं आहे ते राहील.”

“काय लिहिलंय?”

ग्रॅडी काहीतरी बोलायला गेला, पण ऑरिनने आधीच उत्तर दिलं होतं. टिब्सच्या वयाच्या मुलाला ते गोड करून सांगण्याइतकं बळ त्याच्यात उरलं नव्हतं, आणि गोड केलेलं त्याने ओळखलंही असतं.

“बाहेरच्या मैदानावर भरवशाचा नाही. मनाने कच्चा.”

टिब्सने ते शब्द ऑरिनच्या ओठांवरून वाचले आणि पुन्हा एकदा स्वतःशी म्हणून पाहिले. मग त्याने टोपी डोक्यावर घातली.

“लिहा, सर,” तो म्हणाला. “आणि ते दुसरं खोडाल ना?”

“हो.”

“आईला मी सांगतो. तुम्ही नका सांगू, कोच. ती तुमच्यावर ओरडेल.”

“ओरडू दे,” ग्रॅडी म्हणाला.

टिब्स तासाला निघून गेला. तो पायऱ्यांच्या कडेने चालत होता, भिंत डाव्या हाताला ठेवून.

ऑरिन गाडीत जाऊन बसला आणि त्याने लॅपटॉप उघडला. कीलचा निरोप आलेला होता: ‘घरकोंबडा?’ त्याने तो तसाच ठेवला. डॉक्टरांच्या टेबलावर हे पान गेलं की त्यातलं फक्त ‘ऐकू येत नाही’ एवढंच वाचलं जाईल, हे त्याला माहीत होतं. टिब्सचा हा उशीर दुरुस्त करता येण्याजोगा आहे हे वाचण्याइतका धीर कुणाला असेल, हे माहीत नव्हतं. ज्याच्या शब्दावर कुणी तेवढा धीर धरावा असा माणूस क्लबात तो स्वतःही आता फार दिवस असणार नव्हता. त्याने टिब्सचं पान काढलं, ‘स्वभाव’ या सदराखाली जे होतं ते सगळं पुसलं, आणि तिथे लिहिलं:

‘काही उणे नाही. डाव्या कानाने त्याला ऐकू येत नाही. हे त्याला स्वतःला आजपर्यंत माहीत नव्हतं. घरच्या मैदानावर प्रेक्षकांच्या गोंगाटामुळे बचावातले सगळेच हातांच्या खुणांनी खेळतात, म्हणून तिथे तो वेळेवर असतो. बाहेर मैदान शांत असतं, सूचना तोंडी दिल्या जातात आणि त्या त्याच्या डावीकडून येतात, म्हणून तिथे त्याला उशीर होतो. आपण ज्या चित्रफिती पाहून निर्णय घेतो त्यांत आवाज नसतो. त्यामुळे हा फरक आपल्याला दिसला नाही.’